तडजोड झाली, आता कोर्टातला दावा कसा मिटवायचा?

भावकीतली चार माणसं बसली, बोलणी झाली, देणंघेणं ठरलं, हातात हात दिला. वाद मिटला असं दोन्ही घरांना वाटतं आणि ते खरंही असतं. पण कोर्टाला यातलं काही माहीत नसतं. तिथे दावा बोर्डावर (कोर्टाच्या कामाच्या यादीवर) असतो, पुकारा होत राहतो, तारखा पडत राहतात. जोवर तडजोडीचा कागद न्यायाधीशांपुढे येत नाही आणि त्यावर हुकूम होत नाही, तोवर दावा जिवंतच आहे असं समजा.

हा लेख पहिल्यांदाच दिवाणी कोर्टाची पायरी चढलेल्या पक्षकारांसाठी आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो, त्यामुळे उदाहरणं शेतीची, वाटपाची, उसनवारीच्या पैशांची आहेत. कायदा मात्र सगळीकडे एकच, दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. तडजोडीपुरता त्यातला आदेश २३ महत्त्वाचा. वकील त्याला ‘ऑर्डर २३’ म्हणतात.

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: ठरलेले पैसे, ताबा किंवा कागद प्रत्यक्ष हातात आलेले नसतील, तर दावा नुसता काढून घेऊ नका. तडजोडीचा हुकूमनामा (डिक्री), म्हणजे ज्याची अंमलबजावणी करून घेता येते असा कोर्टाचा निकाल, घ्या.

‘तारखेला जाऊच नका, आपोआप निघेल’

हा सल्ला गावात हमखास मिळतो आणि दोन्ही बाजूंना तो महागात पडतो.

वादी तारखेला गैरहजर राहिला आणि प्रतिवादी हजर असला, तर आदेश ९ नियम ८ प्रमाणे दावा गैरहजेरीत निकाली निघतो. मग नियम ९ प्रमाणे त्याच कारणावरून पुन्हा दावा आणता येत नाही. ३० दिवसांत अर्ज करून, गैरहजेरीचं सबळ कारण दाखवून तोच दावा परत फाईलवर घ्यावा लागतो. ‘आमची तडजोड झाली होती म्हणून गेलो नाही, आता समोरचा पैसे देत नाही’ असं नंतर सांगितलंत, तर त्या तडजोडीचा कागद कुठे आहे हा पहिला प्रश्न येतो.

प्रतिवादीची गत याहून वाईट होऊ शकते. त्याने पैसे चुकते केलेले असतात. ‘मिटलं’ म्हणून तो कोर्टात जायचं सोडतो. वादीच्या मनात खोट नसली तरी त्याच्या वकिलापर्यंत निरोप पोचलेला नसतो आणि दावा एकतर्फा चालतो. एक दिवस दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, नोटीस घेऊन बेलिफ (कोर्टाचा बजावणी करणारा कर्मचारी) दारात उभा राहतो. एकतर्फा हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो, पण त्याची मुदत साधारण ३० दिवस आणि कारण पटवून द्यायची जबाबदारी तुमची. म्हणून प्रतिवादींना माझं आग्रहाचं सांगणं आहे की पैसे वादीला दिलेत तरी दाव्यावर हुकूम होईपर्यंत एकही तारीख चुकवू नका. पैसे दिल्याची पावती रोजनाम्यात (दाव्याच्या तारखावार नोंदींत) आपोआप चढत नाही.

पहिली पायरी: कोणता रस्ता घ्यायचा ते ठरवा

दावा संपवायचे दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला म्हणजे दावा काढून घेणे, आदेश २३ नियम १. वादी ‘मला दावा चालवायचा नाही’ अशी पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देतो, कोर्ट दावा निकाली काढतं. काम एका तारखेत होतं. पण यातून तुमच्या हातात वसूल करण्याजोगं काहीच येत नाही. शिवाय पुन्हा दावा आणायची परवानगी न घेता काढून घेतलात, तर त्याच विषयावर त्याच माणसाविरुद्ध नवा दावा आणायची वाट बंद होते. नियम १ चा पोटनियम ४ तसं स्पष्ट सांगतो, आणि समोरच्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो. नव्या दाव्याची मुभा मागता येते. पण ती दाव्यात काही तांत्रिक दोष असेल किंवा तसंच पुरेसं कारण असेल तरच मिळते, ‘तडजोड मोडली तर बघू’ एवढ्यावर सहसा नाही. आणि मुभा मिळाली तरी मुदतीचं घड्याळ थांबलेलं नसतं. पहिला दावा जणू झालाच नव्हता असं धरून मुदत मोजली जाते.

दुसरा रस्ता तडजोडीचा हुकूमनामा, आदेश २३ नियम ३. दोन्ही पक्ष अटी लिहून, सह्या करून कोर्टात देतात. कोर्ट त्या नोंदवून घेतं आणि त्यांप्रमाणे हुकूमनामा करतं. खालच्या कोर्टात याला तडजोड पुरसिस म्हणतात, मुंबईत ‘कन्सेंट टर्म्स’. समोरच्याने शब्द मोडला तर नवा दावा लावावा लागत नाही, याच हुकूमनाम्यावर थेट दरखास्त दाखल करता येते. ती बहुतेक बाबतींत १२ वर्षांपर्यंत करता येते.

मग काढून घेण्याचा रस्ता कधी बरा? सगळे व्यवहार आधीच पुरे झाले असतील तेव्हा. पैसे खात्यात जमा, घराच्या किल्ल्या हातात, ठरलेला दस्त नोंदवून झालेला. अशा वेळी साधी पुरसिस पुरते. त्यातही ‘आपसात तडजोड झाल्याने’ हे शब्द जरूर घाला, कारण फीच्या परताव्याला ते लागतात. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

काही जण मधला रस्ता काढतात. नोटरीपुढे पाचशेच्या स्टँपवर करारनामा करतात आणि कोर्टातून दावा काढून घेतात. कृपा करून हे करू नका. समोरचा फिरला तर तो करारनामा घेऊन तुम्हाला नव्याने दावा लावावा लागेल, नवी फी, नवा पुरावा, पुन्हा तितकीच वर्षं. तोच मजकूर कोर्टात दिला असता तर हुकूमनामा झाला असता.

एक अडचण ध्यानात ठेवा. प्रतिवादीने तुमच्याविरुद्ध प्रतिदावा केलेला असेल, तर तुम्ही दावा काढून घेतल्याने तो संपत नाही, आदेश ८ नियम ६ड प्रमाणे तो स्वतंत्र चालू राहतो. तडजोडीत ‘दावा आणि प्रतिदावा दोन्ही निकाली’ असं लिहून घ्या.

दुसरी पायरी: सह्या कोणाच्या

सर्वांत जास्त तडजोडी इथे फसतात.

१९७६ च्या दुरुस्तीपासून तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये गुरप्रीतसिंग विरुद्ध चतुर्भुज गोयल या प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. कोर्टात तोंडी ठरलं म्हणजे झालं, असं चालत नाही. पुढे १९९१ मध्ये बायराम पेस्तनजी गारीवाला प्रकरणात, अधिकार दिलेला वकीलही पक्षकारातर्फे सही करू शकतो, असं याच न्यायालयाने मान्य केलं. तरीही माझं मत असं की पक्षकार जिवंत आणि हिंडताफिरता असेल तर सही त्याचीच घ्यावी. वकिलाच्या सहीवर झालेली तडजोड ‘मला विचारलंच नाही’ म्हणून नंतर वादात ओढली जाते.

वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार सहीला हवेत. इथे बहिणींचा प्रश्न येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका हक्क दिला आणि २०२० मध्ये विनिता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. तीन भावांनी बसून जमीन तीन ठिकाणी वाटून घेतली आणि दोन बहिणींना विचारलंच नाही, तर ती तडजोड बहिणींवर बंधनकारक नाही. त्या दाव्यात पक्षकार असतील तर सही त्यांचीही हवी. दाव्यात नसतील तर आधी त्यांना पक्षकार करून घ्या. त्यांना हिस्सा नको असेल तर ते त्यांनी स्वतः, समजून, योग्य त्या नोंदवलेल्या हक्कसोडपत्राने सांगावं. ‘ती कुठे कोर्टात येणार आहे’ या भरवशावर उभी केलेली वाटणी पुढच्या पिढीला कोर्टात नेते. माहेर तुटू नये म्हणून गप्प बसलेल्या बहिणीची मुलं उद्या गप्प बसतीलच असं नाही.

पक्षकारांत कोणी अज्ञान (अल्पवयीन) असेल तर आदेश ३२ नियम ७ पाहा. अज्ञानातर्फे त्याचा पालक एकटाच तडजोड करू शकत नाही. त्यासाठी कोर्टाची वेगळी परवानगी लागते, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, आणि वकील असेल तर ‘ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे’ असं त्याचं प्रमाणपत्र. ही परवानगी न घेता झालेली तडजोड अज्ञान पुढे उलटवू शकतो. वडील वारले आणि वारस म्हणून लहान मुलं आली, अशा दाव्यांत हे हमखास विसरलं जातं. मूळ पक्षकार मयत असेल तर आधी वारस लावून घ्या. मयताच्या नावावर तडजोड होत नाही, आणि वारस लावायची मुदत मृत्यूपासून ९० दिवसांची आहे.

एक भाऊ पुण्यात, एक अमेरिकेत, अशी घरं आता प्रत्येक गावात आहेत. परदेशातल्या माणसाने तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवावं. त्यात ‘दाव्यात तडजोड करण्याचा’ अधिकार स्पष्ट शब्दांत हवा, नुसतं ‘कोर्टाची कामं पाहणे’ पुरत नाही. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत लोक सर्रास चुकवतात. व्हिडिओ कॉन्फरन्सवरून ओळख पटवायची परवानगीही कोर्टाकडे मागता येते.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक ओळ: तिथल्या कौटुंबिक कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, तेव्हा स्थावराच्या तडजोडीवर दोघांच्याही सह्या घ्या.

तिसरी पायरी: अटी लिहिणे

तडजोडीची भाषा अशी हवी की ती वाचून, तुम्हाला न ओळखणारा बेलिफसुद्धा अंमल करू शकेल. ‘दोघांनी सामंजस्याने वागावे’, ‘शक्य तितक्या लवकर पैसे द्यावेत’ अशा वाक्यांचा अंमल कोणी करायचा?

पैशांच्या दाव्यात मजकूर साधारण असा असतो:

‘मे. सह दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे कोर्टात. रे. मु. नं. अमुक. वादी व प्रतिवादी यांची संयुक्त तडजोड पुरसिस ऐसी जे:
१. वादी व प्रतिवादी यांच्यात आपसात राजीखुशीने तडजोड झाली आहे.
२. प्रतिवादी वादीस दाव्याच्या संपूर्ण फेडीपोटी एकूण रुपये ४,००,००० देणे मान्य करतो. पैकी रुपये १,००,००० आज रोजी अमुक बँकेच्या डिमांड ड्राफ्टने दिले असून ते वादीस मिळाले आहेत.
३. उर्वरित रक्कम रुपये ३,००,००० प्रतिवादी दरमहा रुपये ५०,००० प्रमाणे सहा समान हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपर्यंत, वादीच्या अमुक बँक खात्यात जमा करील.
४. लागोपाठ दोन हप्ते थकल्यास राहिलेली सर्व रक्कम एकदम देय होईल व थकबाकीच्या तारखेपासून त्यावर दरसाल दरशेकडा ९ प्रमाणे व्याज देय राहील. ती वादीने दरखास्तीने वसूल करून घ्यावी.
५. सदर दाव्याच्या कारणाबाबत उभयतांची एकमेकांविरुद्ध अन्य कोणतीही मागणी राहिलेली नाही.
६. खर्च ज्याचा त्याने सोसावा.
सबब, वरीलप्रमाणे तडजोड हुकूमनामा व्हावा, ही विनंती.’

यातलं चौथं कलम तडजोडीचा कणा आहे. ते नसेल तर प्रत्येक चुकलेल्या हप्त्यासाठी वेगळी धावपळ करावी लागते. हप्ता चुकला की काय, हे आजच लिहिलेलं असलं पाहिजे. समोरचा म्हणेल, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ विश्वास आहे म्हणूनच तडजोड करतोय, आणि पैसे वेळेवर दिले तर या कलमाची गरजच पडणार नाही, एवढं शांतपणे सांगा.

पहिली रक्कम ड्राफ्टने किंवा बँकेतून थेट वर्ग करून घ्या आणि व्यवहाराचा क्रमांक पुरसिसमध्ये लिहा. पुढच्या तारखांचे चेक घेतलेत तर चेक क्रमांक लिहा, आणि ‘चेक वटल्यावरच फेड समजावी’ असं जोडा.

काही गोष्टी दोन्ही पक्षांच्या ध्यानीमनी नसतात. निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, मनाई हुकूम झालेला आहे का? तो रद्द झाल्याचं लिहा. कोर्टात कोणी रक्कम भरली आहे का? ती व्याजासह कोणी काढून घ्यायची ते लिहा. निकालापूर्वी एखादी मिळकत जप्त झाली असेल तर जप्ती उठवल्याचं लिहा. वरच्या कोर्टात अपील किंवा रिव्हिजन चालू असेल तर ते कोण, कधी काढून घेणार, तेही.

फौजदारी प्रकरण असेल तर नीट समजून घ्या: दिवाणी दाव्याच्या तडजोडीने ते संपत नाही. बांधावरच्या मारामारीची केस असो वा चेक न वटल्याची, तिथे स्वतंत्र अर्ज लागतो. चेकच्या प्रकरणात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४७ खाली तडजोड होते. आपसात मिटवता येणारे इतर गुन्हे त्या त्या फौजदारी कोर्टात मिटवावे लागतात, आणि कायद्याने मिटवता न येणाऱ्या गुन्ह्यांत उच्च न्यायालयात जावं लागतं. तडजोडीत ‘अमुक केस नंबरात सहकार्य करू’ एवढं लिहिता येतं. तहसीलदारांकडे चाललेल्या रस्त्याच्या किंवा फेरफाराच्या वादाचंही तसंच.

जमिनीची तडजोड असेल तर

पैशांच्या तडजोडीत चूक झाली तर पैसे जातात. जमिनीच्या तडजोडीत झालेली चूक सातबाऱ्यावर उतरते, म्हणून इथे घाई नको.

गट नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि चतुःसीमा ताज्या सातबाऱ्यावरून आणि शक्य तर मोजणीच्या नकाशावरून लिहा. हाताने काढलेला असला तरी चालेल, पण एक नकाशा पुरसिसला जोडा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. ‘विहिरीकडची बाजू थोरल्याला’ असं लिहून भागत नाही. विहिरीच्या पाण्याची पाळी, वीजजोडणी कोणाच्या नावावर, बांधावरची झाडं कोणाची, मागच्या हिश्श्यात बैलगाडी आणि ट्रॅक्टर कुठून जाणार, हे सगळं लिहा. भावाभावांत तडजोड मोडते ती बहुधा जमिनीवरून नाही, वाटेवरून आणि पाण्यावरून.

तडजोड कायदेशीर असावी लागते. पक्षकारांनी मान्य केलं म्हणून कायद्याने मना केलेली गोष्ट हुकूमनाम्यात येत नाही. तुकडेबंदीच्या नियमात न बसणारी वाटणी, भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीचं परवानगीशिवाय हस्तांतर, देवस्थान इनाम, आदिवासी खातेदाराची जमीन, अशा बाबतींत आधी महसूल खात्याची परवानगी पाहा. कोर्टात पुरसिस मंजूर झाली तरी फेरफार अडतो.

नोंदणीचा प्रश्नही याच वेळी सोडवा. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७(२)(सहा) प्रमाणे कोर्टाच्या हुकूमनाम्याला एरवी नोंदणी लागत नाही. पण तडजोडीत दाव्याबाहेरची स्थावर मिळकत आणलीत, तर लागते. भूपसिंग विरुद्ध रामसिंग मेजर या १९९५ च्या निकालाने आणखी एक कसोटी घालून दिली: तडजोडीने आधीपासून असलेला हक्क फक्त मान्य केला आहे, की नवा हक्क त्या दिवशी निर्माण केला आहे? नवा निर्माण केला असेल तर नोंदणी आणि मुद्रांक शुल्क आलंच. विक्रीचा व्यवहार ‘तडजोड’ म्हणून दाखवून शुल्क वाचवायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. दुय्यम निबंधक आणि तलाठी दोघेही ती पकडतात आणि नंतर दंडासह भरावं लागतं. वाटपाचा अंतिम हुकूमनामासुद्धा मुद्रांक कायद्यात वाटणीपत्रच धरला जातो, तेव्हा त्याच्या शुल्काची तयारी ठेवा.

चौथी पायरी: कोर्टातला दिवस

तारखेची वाट पाहायची गरज नाही. पुढची तारीख लांब असेल तर ‘दावा आज बोर्डावर घ्यावा’ असा अर्ज तडजोड पुरसिससोबत देता येतो, आणि तडजोड म्हटल्यावर तो सहसा मंजूर होतो.

सोबत आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि फोटो न्या. पुरसिसच्या प्रत्येक पानावर सही करा. अंगठा असेल तर तो कोणाच्या ओळखीने उठवला त्याची सही हवी. मजकूर घरी वाचून या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरच्या विश्वासू माणसाने, समोरच्याच्या माणसाने नव्हे, तो पूर्ण वाचून दाखवावा.

पुकारा झाला की दोन्ही पक्ष आणि वकील न्यायाधीशांपुढे उभे राहतात. मग प्रश्न येतात: पुरसिस वाचली का? मजकूर समजला का? सही तुमचीच का? कोणी दमदाटी केली का? पैसे मिळाले का? तिथे माना डोलावू नका, तोंडाने स्पष्ट उत्तर द्या. एखादी अट समजली नसेल तर त्याच क्षणी सांगा. साहेब रागावतील अशी भीती वाटते, पण तडजोड नोंदवण्याआधी शंका विचारणारा पक्षकार कोणत्याही न्यायाधीशाला नंतर भांडत येणाऱ्यापेक्षा बराच वाटतो. कोर्ट पक्षकारांना ओळखून, समज देऊन, पुरसिसवर शेरा मारतं आणि निशाणी १ (मूळ दाव्याचा अर्ज) खाली हुकूम करतं: ‘तडजोड नोंदवली. दावा तडजोडीप्रमाणे निकाली. तडजोड हुकूमनाम्याचा भाग समजावा. हुकूमनामा तयार करावा.’

इतकं गांभीर्य का? कारण मागे फिरायला जागा फार थोडी उरते. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर संहितेच्या कलम ९६(३) प्रमाणे अपील नाही. ‘तडजोड बेकायदा होती’ म्हणून नवा दावाही आणता येत नाही, आदेश २३ नियम ३अ ती वाट बंद करतो. फसवणूक झाली असेल तर ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली त्याच कोर्टात अर्ज करून ती सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने पुष्पादेवी भगत प्रकरणात २००६ मध्ये हेच सांगितलं आहे.

लोकअदालत

दावा लोकअदालतीत ठेवून घ्यायचा विचार जरूर करा. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या किंवा कोर्टालाच विनंती करा. तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच अंमलात आणता येतो, त्यावर अपील नाही, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे भरलेली कोर्ट फी परत मिळते. अटी लिहिण्याची वर सांगितलेली सगळी काळजी तिथेही लागते. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी गर्दी असते, छापील नमुन्यावर दोन ओळी लिहून सह्या घेतल्या जातात. तुम्ही तुमची सविस्तर पुरसिस आधीच टाइप करून न्या.

पाचवी पायरी: निकालानंतर

बहुतेक लोक कोर्टातून बाहेर पडून चहा पितात आणि घरी जातात. काम अजून बाकी आहे.

प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या: हुकूम, तडजोड पुरसिस आणि हुकूमनामा, तिन्हींचा. संहितेप्रमाणे हुकूमनामा पंधरा दिवसांत तयार व्हायला हवा. हाती आला की गट नंबर, नावं, रकमा ताडून पाहा. टंकनाची चूक असेल तर कलम १५२ खाली साध्या अर्जाने दुरुस्त होते. तीच चूक दहा वर्षांनी खरेदीच्या वेळी सापडली तर सह्या करणारे निम्मे लोक नसतात.

कोर्ट फी परतीचा अर्ज करा. महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे, पुरावा नोंदवण्याआधी दावा आपसात मिटला तर निम्मी फी परत मिळते. आणखी एक आधार आहे. मद्रास उच्च न्यायालय विरुद्ध एम. सी. सुब्रमण्यम या २०२१ च्या तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कोर्टाने पाठवल्याशिवाय आपसात मिटवणाऱ्यांनाही संहितेच्या कलम ८९ च्या मार्गाने (कोर्टाने मध्यस्थी, लोकअदालतीकडे पाठवून) मिटवणाऱ्यांसारखाच परतावा दिला. तुमच्या वकिलांना या निकालाचा आधार घ्यायला सांगा. अर्ज न केल्यामुळे राहून गेलेले कित्येक हजार रुपये लोकांना माहीतही नसतात.

मूळ कागद, म्हणजे खरेदीखत, वचनचिठ्ठी, जुन्या पावत्या, फाईलमध्ये पडून असतात. ते परत मिळण्याचा अर्ज करा.

जमिनीच्या दाव्यात लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेली असेल तर दावा संपल्याची नोंदही तिथे करून घ्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दाव्याचा किंवा मनाई हुकमाचा शेरा असेल तर प्रमाणित नक्कल जोडून तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्या आणि पोच घ्या. हा शेरा राहिला तर बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक पुढे येत नाही.

शेवटी ई-कोर्टच्या ॲपवर तुमचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर टाकून प्रकरण निकाली दिसतंय का ते पाहा. पुढची तारीख दिसत असेल तर शिरस्तेदारांना भेटा.

समोरच्याने शब्द मोडला तर

आधी वकिलामार्फत नोटीस द्या. हुकूमनाम्याच्या कोणत्या कलमाचा भंग, कधी झाला, एवढंच लिहा. उत्तर आलं नाही तर दरखास्त दाखल करा. पैशांसाठी जप्ती, जमिनीसाठी ताबा, दस्तासाठी कोर्टामार्फत दस्त करून घेणे, असे मार्ग आहेत. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा असेल तर संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते.

आणि हप्ते भरणाऱ्या बाजूला: हुकूमनामा झाल्यावर जे पैसे कोर्टाबाहेर वादीला द्याल, त्यांची कोर्टात नोंद करून घ्या. आदेश २१ नियम २ त्यासाठी आहे, आणि तुम्ही स्वतः अर्ज करणार असाल तर मुदत ३० दिवसांची. नोंद नसलेला भरणा दरखास्तीच्या कोर्टाला विचारात घेता येत नाही. वादीनेच ‘रक्कम मिळाली’ अशी पुरसिस दिली तर सर्वांत उत्तम. शेवटचा हप्ता देताना ती टाइप करून सोबत न्या आणि सही झाल्यावरच पैसे वर्ग करा.